ड्राफ्ट झाला नाही, आता क्लब मागे लागलेत... सही कुठे करायची?

पत्र: दादा नमस्कार. आम्ही मूळचे सांगलीचे, बरीच वर्षं मिसिसागात आहोत. मुलगा २१ वर्षांचा, अमेरिकेत कॉलेजच्या थर्ड इयरला, तिथे डिव्हिजन वन (कॉलेजच्या सगळ्यात वरच्या श्रेणीत) आइस हॉकी खेळतो. राइट शॉट डिफेन्समन (उजव्या हाताने खेळणारा बचावपटू), उंची पाच फूट अकरा. एनएचएल म्हणजे इथली सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग, तिचे क्लब दरवर्षी ड्राफ्टमध्ये पाळीपाळीने तरुण पोरं निवडतात; त्यात तीन वर्षं वाट बघितली, नाव आलंच नाही. यावर्षी ३६ मॅचमध्ये २४ पॉइंट्स (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) केले. गेल्या आठवड्यात त्यांची टीम हरली, सीझन संपला आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. ॲडव्हायझर म्हणतो चार क्लब इंटरेस्टेड आहेत, त्यातले दोन सिरियस. एक क्लब म्हणतो उद्याच ये, उरलेल्या मॅचेसमध्ये एनएचएलमध्येच उतरवतो आणि कॉन्ट्रॅक्टचं एक वर्ष ह्याच सीझनमध्ये बर्न करतो, म्हणजे पूर्ण झालं असं धरतो. दुसरा म्हणतो आत्ता एएचएलमध्ये (एनएचएलच्या खालच्या लीगमध्ये) ट्रायआउटवर, म्हणजे चाचणीपुरता खेळ, कॉन्ट्रॅक्ट पुढच्या सीझनपासून. पोरगा पहिल्यावर फिदा आहे. आमचे हे म्हणतात आधी डिग्री पूर्ण कर. सासूबाई सांगलीहून विचारतात नोकरी लागली का. मला एवढंच कळत नाही की सात राउंडमध्ये ज्याला कोणी विचारलं नाही त्याच्या मागे हे आज का लागलेत? खरंच त्याच्यात तेवढं आहे का, की नुसतं गोड बोलतायत? आणि ॲडव्हायझर सारखी त्याची जन्मतारीख विचारतो (ऑगस्टमध्ये २२ होईल), ते कशाला? आपल्या लोकांतलं असं कोणी वर गेलंय का?
— एक आई, मिसिसागा

उत्तर: ताई नमस्कार. तुमचा "आज का लागलेत" हा प्रश्न आधी घेतो, कारण बाकी सगळं त्याच्यावरच लटकलंय.

ड्राफ्ट म्हणजे १८ वर्षांच्या पोरांवर लावलेले अंदाज. ३२ क्लब, सात राउंड, म्हणजे २२४ नावं, आणि जगभरातून आलेल्या पोरांतून ती निवडायची. त्यात डिफेन्समन हा प्रकार उशिरा तयार होतो, १७ व्या वर्षी त्याच्या अंगात ताकद नसते, निर्णय चुकतात, आणि त्याची चूक थेट आपल्या गोलसमोर होते म्हणून सगळ्यांना दिसते. फॉरवर्ड चुकला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे तेव्हा कोणी घेतलं नाही याचा अर्थ तेव्हा तो तयार नव्हता, एवढाच घ्या. ॲडम ओट्स, एड बेलफोर, मार्टिन सेंट लुईस, तिघंही ड्राफ्ट न झालेले आणि तिघंही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. सेंट लुईस तर चार वर्षं कॉलेज खेळला, १९९८ मध्ये कॅलगरीने सही केली, २००० मध्ये सोडून दिला, मग टँपाने उचलला आणि २००४ मध्ये लीगचा टॉप स्कोअरर, हार्ट ट्रॉफी (लीगमधला सर्वात मोलाचा खेळाडू) आणि स्टॅनली कप (लीगचं विजेतेपद), सगळं एकाच वर्षात.

पण ही नावं तुम्हाला ॲडव्हायझरनेही ऐकवली असतील, आणि माझा राग तिथेच आहे. ही यादी सगळे पालकांना ऐकवतात, दुसरी यादी कोणी काढत नाही. आपण ती पण बघू.

आधी क्लबचं गणित. प्रत्येक एनएचएल क्लबला एकावेळी जास्तीत जास्त ५० कॉन्ट्रॅक्ट ठेवता येतात. कॉलेजमधून न ड्राफ्ट झालेला मुलगा घ्यायला त्यांना पिक (ड्राफ्टमधली निवडीची पाळी) द्यावा लागत नाही, ट्रेड करावा लागत नाही, त्या ५० मधली एक जागा जाते, बस. मार्चमध्ये ट्रेड डेडलाइन होऊन गेलेली असते, कोणी पुढचे पिक्स विकून बसलेलं असतं, कोणाच्या एएचएल टीममध्ये डिफेन्सला माणसं कमी पडलेली असतात. अशावेळी फुकटात मिळणारा राइट शॉट डिफेन्समन दिसला तर फोन करणारच, कारण उजव्या हाताने खेळणारे डिफेन्समन मुळातच कमी आणि प्रत्येक कोचला उजव्या बाजूला तोच हवा असतो. म्हणून "इंटरेस्टेड" ह्या शब्दाला मी फार किंमत देत नाही. फोन कोणी केला ते विचारा. एरिया स्काउट सगळ्यांनाच फोन करतो, ते त्याचं कामच आहे. असिस्टंट जनरल मॅनेजर किंवा प्लेअर डेव्हलपमेंटचा हेड स्वतः मॅच बघायला येऊन गेला असेल, तर मात्र त्याच्यासाठी ५० मधली एक जागा खरंच बाजूला काढून ठेवलीय असं समजा.

आता त्याच्यात तेवढं आहे का. २४ पॉइंट्स चांगले आहेत पण मला त्यातून फारसं कळत नाही. किती पॉवरप्लेवर (समोरचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असतो तेव्हा) आले? कॉलेजात तो पॉवरप्ले चालवत असेल, एनएचएलमध्ये त्याला पहिली दोन-तीन वर्षं तिथे कोणी उभं करणार नाही, तिथे त्याच्यापेक्षा भारी माणसं बसलीयत. त्याला मिळाली तर डिफेन्सच्या तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या जोडीतली जागा मिळेल, जमलं तर पेनल्टी किल, म्हणजे आपला माणूस बाहेर असताना बचाव. म्हणजे प्रश्न असा की पॉवरप्ले काढून घेतला तर उरलेला खेळाडू कामाचा आहे का.

आणि वय. कॉलेज हॉकीत १८ वर्षांचा पोरगा २४ वर्षांच्या बाप्यासमोर उभा असतो, त्यामुळे मोठ्या पोराचे पॉइंट्स फुगलेले दिसतात. २०१३ च्या वसंतातलीच गोष्ट घ्या. सेंट क्लाउड स्टेटचा ड्रू लब्लाँ, पाचव्या वर्षाचा सीनियर, त्यावर्षी हॉबी बेकर अवॉर्ड जिंकला म्हणजे अख्ख्या कॉलेज हॉकीतला सर्वोत्तम खेळाडू, ड्राफ्ट झालेला नव्हता, शिकागोने सही केली. एनएचएलमध्ये तो दोन मॅच खेळला. दोन. पुढचं करिअर जर्मनीत झालं, चांगलं झालं, पण एनएचएल नाही. त्याच्या दोन वर्षं आधीचा हॉबी बेकरवाला अँडी मीली, तोही ड्राफ्ट न झालेला, त्याच्या एनएचएल मॅचेस वीसही भरत नाहीत. आणि त्याच २०१३ च्या मार्चमध्ये वेस्टर्न मिशिगनच्या डॅनी डिकायझरला डेट्रॉइटने घेतलं. डिफेन्समन, पॉइंट्स बघून कोणी मान वर करून बघितलं नसतं, पण उंच, स्केटिंग मोकळं, पक (रबरी चकती) हातात आला की घाबरायचा नाही. तो ५०० च्या वर एनएचएल मॅच खेळला. स्कोअरबोर्ड बघून निवड करायची असती तर उलटं केलं असतं ना सगळ्यांनी?

मग काय बघायचं. ताई, तुम्ही हॉकी मॉम आहात, पहाटे पाचला रिंकवर थंडीत कुडकुडत बसलेल्या आहात, तुम्हाला हे जमेल. त्याच्या शेवटच्या पाच-सहा मॅचचे रेकॉर्डिंग काढा आणि बाकी सगळं सोडून फक्त एकच प्रसंग बघा: समोरच्या टीमने पक त्याच्या कोपऱ्यात टाकलाय आणि तो पाठमोरा पकाकडे पळतोय, मागून फोरचेकर (पक हिसकावायला धावून येणारा समोरचा खेळाडू) येतोय. पकापर्यंत पोचायच्या आधी तो खांद्यावरून मागे बघतो का? एकदा बघतो की दोनदा? एका बाजूला जायचं नाटक करून दुसरीकडे वळतो का? पहिल्या स्पर्शात पक हातात बसतो की बोर्डवर आपटून परत येतो? आणि मग पास सेंटरला जातो की घाबरून कडेच्या काचेवर आपटून आपल्या भागाबाहेर काढतो? काचेवर आपटून काढणं वाईट नाही, कधीकधी तेच करावं लागतं, पण प्रत्येक वेळी तेच करत असेल तर एनएचएलमध्ये, जिथे फोरचेकर अर्धा सेकंद आधी पोचतो, तिथे त्याचा निभाव लागणार नाही. पाच-अकराच्या डिफेन्समनचं सगळं करिअर त्या तीन सेकंदांत असतं, कारण सहा-तीनचा पोरगा अंगाने धकवून नेतो, तुमच्या लेकाला डोक्यानेच सुटावं लागणार. स्काउट लोक रिंकच्या वरच्या कोपऱ्यात बसून हेच बघत असतात, गोल झाला की बाकी लोक ओरडतात आणि ते मात्र वहीत दुसरंच काहीतरी लिहीत असतात.

दुसरी एक गोष्ट बघा, समोरची टीम वेगात येते तेव्हा तो ब्लू लाइनवर (आपल्या भागाच्या हद्दीवरच्या निळ्या रेषेवर) उभा राहतो की मागे मागे सरकत आपल्या गोलीच्या मांडीवर जाऊन बसतो. आणि समोरच्यांची सगळ्यात चांगली लाइन (एकत्र उतरणारे तीन फॉरवर्ड) आली की कोच त्याला आत पाठवतो की बाहेर बोलावतो. कोच रोज बघतो, तो काय करतो त्यावर माझा जास्त विश्वास.

हे सगळं होकारार्थी असेल तर हो, त्याच्यात आहे. स्टार होईल असं नाही म्हणत मी, पण तिसऱ्या जोडीत टिकून राहील असा खेळाडू. ड्राफ्ट न झालेल्यांतून बहुतेक पोरं एएचएलमध्ये एक-दोन वर्षं घालवून युरोपला जातात किंवा शाळेच्या कोचिंगला लागतात, हे त्यालाही माहीत असलेलं बरं.

आता जन्मतारीख. ॲडव्हायझर उगाच नाही विचारत. एंट्री लेव्हल, म्हणजे पहिलं कॉन्ट्रॅक्ट किती वर्षांचं ते वयावर ठरतं, आणि वय धरतात ते सही केल्याच्या वर्षातल्या १५ सप्टेंबरचं. १८ ते २१ असेल तर तीन वर्षं, २२-२३ ला दोन, २४ ला एक. तुमचा लेक आज २१ चा असला तरी १५ सप्टेंबरला २२ चा असणार, म्हणजे मार्चमध्ये सही केली तरी त्याला दोनच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट. ऑक्टोबरमध्ये जन्मला असता तर तीन मिळालं असतं. तुमचा दोष नाही हो.

आणि इथेच तो पहिल्या क्लबचा "एक वर्ष बर्न करतो" वाला गोडवा नीट तपासायला लागतो. पैशाने कोणताच क्लब दुसऱ्याला मागे टाकू शकत नाही, एंट्री लेव्हलच्या बेस पगाराला कमाल मर्यादा आहे, साधारण साडेनऊ ते दहा लाख डॉलर, साइनिंग बोनस त्यातल्या दहा टक्क्यांपर्यंत. वर परफॉर्मन्स बोनस लिहितात काही ठिकाणी, पण ते मिळवायला आधी खेळायला तर मिळालं पाहिजे. शिवाय तो आकडा एनएचएलच्या रोस्टरवर असेल तेवढ्याच दिवसांचा. एएचएलला पाठवला की वर्षाला ८०-८५ हजारांच्या घरात. तर पैसे सगळीकडे सारखेच म्हटल्यावर क्लब दुसरी लालूच दाखवतात, की बघ, सीझनच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत एनएचएलमध्ये उतर, हे वर्ष धरून टाकू, म्हणजे तुझं पुढचं मोठं कॉन्ट्रॅक्ट एक वर्ष लवकर. ऐकायला मस्त. एनएचएलची जर्सी, पहिली मॅच, आई-बाबा स्टँडमध्ये, आणि ते दिवस कोणी हिरावून घेऊ शकत नाही हे पण खरं.

पण हिशोब करा. दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टमधलं एक वर्ष तीन आठवड्यांत संपलं, उरला एकच सीझन. त्या सीझनमध्ये तो आयुष्यात पहिल्यांदा एएचएलचं ७२ मॅचचं वेळापत्रक खेळणार, कॉलेजात शुक्रवार-शनिवार खेळायची सवय, इथे तीन दिवसांत तीन मॅच आणि मध्ये बसचा प्रवास. डिसेंबरपर्यंत सगळ्यांचे पाय जड होतात. त्यात खांदा-बिंदा निखळला तर विषयच संपला, उन्हाळ्यात क्लब म्हणणार थँक यू.

टॉरी क्रुगचं उदाहरण तुम्हाला नक्की देतील, कारण तोही थर्ड इयरनंतर मिशिगन स्टेट सोडून आला, तोही डिफेन्समन, उंची पाच-नऊ, मार्च २०१२ मध्ये बोस्टनने सही केली आणि लगेच दोन एनएचएल मॅच खेळवून वर्ष बर्न केलं. पुढचा जवळजवळ अख्खा सीझन तो प्रॉव्हिडन्सला एएचएलमध्ये होता, मग २०१३ च्या प्लेऑफ्समध्ये वर बोलावला आणि न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्ध पाच मॅचमध्ये चार गोल ठोकले. सगळं खरं. पण क्रुगचा जन्म एप्रिलचा, १५ सप्टेंबरला तो २१ चाच होता, त्याच्याकडे तीन वर्षं होती, एक बर्न करूनही दोन पूर्ण सीझन उरले. तुमच्या लेकाकडे ती चैन नाही.

तुमच्या लेकाला जास्त लागू पडतो तो नील पियोंक. मिनेसोटा डलुथचा, राइट शॉट डिफेन्समन, ड्राफ्ट नाही, जुलैचा जन्म, म्हणून दोनच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट. मे २०१७ मध्ये रेंजर्सशी सही केली, कॉन्ट्रॅक्ट पुढच्या सीझनपासून. सुरुवात हार्टफर्डला एएचएलमध्ये, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये रेंजर्सने टीम मोडून नव्याने बांधायची ठरवली, मोठी नावं विकायला काढली, तेव्हा ह्याला वर जागा मिळाली आणि तो परत खाली गेलाच नाही असं म्हटलं तरी चालेल. २०१९ मध्ये विनिपेगला ट्रेड झाला, तिथे पक्का बसला. खेळ त्याचा होताच, पण योग्य वेळी उजव्या बाजूची खुर्ची रिकामी असलेल्या घरात तो होता, हे माझ्या मते अर्धं काम.

म्हणून क्लबचं नाव, शहर, ट्रॉफ्या हे सगळं बाजूला ठेवा. पकपीडियासारख्या साइटवर प्रत्येक क्लबची कॉन्ट्रॅक्ट्स उघड दिसतात. दोन्ही क्लबचे राइट शॉट डिफेन्समन एका कागदावर काढा: एनएचएलमध्ये कोण आणि त्यांचं कॉन्ट्रॅक्ट कधीपर्यंत, एएचएलमध्ये कोण, आणि गेल्या तीन ड्राफ्टमध्ये त्यांनी घेतलेले कोण कोण अजून ज्युनियर किंवा कॉलेजात वाट बघतायत. ही तिसरी ओळ लोक विसरतात. ड्राफ्ट केलेल्या पोरावर क्लबने पिक घातलेला असतो, कोणीतरी टेबलावर हात आपटून तो घ्यायला लावलेला असतो, त्यामुळे दोघं सारखेच खेळले तरी संधी आधी त्याला. तुमच्या लेकाला थोडं जास्तच चांगलं खेळावं लागणार, हे अन्यायाचं वाटलं तरी असंच आहे. त्याच्यापुढे सहा जण दिसले तर एनएचएलच्या तीन मॅच हा फक्त फोटो आहे.

डिग्रीचं. तुमच्या ह्यांचं म्हणणं जुनाट समजू नका, त्यात हिशोबाचाही मुद्दा आहे. त्याचे हक्क कोणत्याच क्लबकडे नाहीत, म्हणजे पुढच्या मार्चमध्येही सगळे ३२ क्लब त्याच्याशी बोलू शकतात, आणि तेव्हा तो २३ धरला जाईल तरी कॉन्ट्रॅक्ट दोनच वर्षांचं. म्हणजे वर्षभर थांबल्याने कॉन्ट्रॅक्टची लांबी कमी होत नाही. पण मी थांबायला सांगणार नाही. एक तर २३ च्या पोराकडे स्काउट "आता अजून किती वाढणार" ह्या नजरेने बघतात. दुसरं म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून कॅनडातल्या मेजर ज्युनियरच्या (तरुण पोरांच्या सगळ्यात वरच्या लीगच्या) पोरांना अमेरिकन कॉलेजची दारं उघडलीयत, १८-१९ ची ड्राफ्ट झालेली पोरं कॉलेजात येतायत, पुढच्या वर्षी त्याची आइस टाइम आजच्याएवढी राहील याची गॅरंटी त्याचा कोचही देणार नाही. सही केली की कॉलेज हॉकी संपली, परत फिरता येत नाही, पण डिग्री संपत नाही. सही करायच्या आधी कॉलेजच्या ॲकॅडमिक ॲडव्हायझरकडून किती क्रेडिट्स उरलेत, उन्हाळ्यात किती होतील, ऑनलाइन किती होतील, स्कॉलरशिपचं काय, हे लेखी घ्या आणि क्लबला तोंडावर सांगा की हे तो पूर्ण करणार आहे. शहाणा क्लब आडवा येत नाही.

आपल्या लोकांचं म्हणाल तर गंमत अशी की पहिलाच माणूस ड्राफ्ट न झालेला. रॉबिन बावा, ब्रिटिश कोलंबियातल्या डंकनचा, पंजाबी घरातला, १९८९ मध्ये वॉशिंग्टनकडून उतरला, भारतीय वंशाचा पहिला एनएचएल खेळाडू. आणि आत्ताचा अर्शदीप बैन्स, तिथल्याच सरीचा. २०२१-२२ मध्ये डब्ल्यूएचएलमध्ये (ही मेजर ज्युनियरची एक लीग) ११२ पॉइंट्स करून लीगमध्ये पहिला आला, तेव्हा २१ चा होता, व्हँकुव्हरने सही केली. पहिली एनएचएल मॅच कधी मिळाली? फेब्रुवारी २०२४. लीगमध्ये पहिला आलेल्या पोराला जवळजवळ दोन वर्षं ॲबट्सफर्डला एएचएलमध्ये घासावी लागली. लेकाला हे वाचायला द्या, माझं बाकीचं नाही वाचलं तरी चालेल. सासूबाईंना सांगा नोकरी लागतेय, पण प्रोबेशनवर.

तर मला विचाराल तर दुसरा क्लब. आत्ता एएचएलमध्ये ट्रायआउटवर आठ-दहा मॅच खेळेल, मोठ्या माणसांच्या धडका खाईल, कोचला ओळखेल, उन्हाळ्यात काय कमावायचंय ते त्याला कळेल, आणि दोन वर्षं पूर्ण हातात राहतील. फक्त ट्रायआउटला जायच्या आधी पुढच्या सीझनचं कॉन्ट्रॅक्ट सही झालेलं पाहिजे, "नंतर बघू" चालणार नाही, उद्या गुडघा गेला तर कोणी फोन उचलत नाही. पहिल्या क्लबला पण एकदा विचारून बघा, वर्ष बर्न न करता पुढच्या सीझनपासून दोन वर्षं देता का. हो म्हणाले तर त्यांना तो खरंच हवाय. टाळाटाळ केली तर त्यांना एप्रिलपुरता माणूस हवाय, एवढं कळलं तरी पुष्कळ.

आणि हे बोलणं तुम्ही किंवा ह्यांनी करायचं नाही, लेकानेही नाही, ॲडव्हायझरने करायचं. तो एनएचएल प्लेअर्स असोसिएशनचा सर्टिफाइड एजंट आहे ना ते आजच्या आज तपासा. उजव्या बाजूची ती यादी झाली की मला पाठवा, दोन्ही क्लबची, आणि कोणाचं कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय ते समोर लिहून. दिवस कमी आहेत, एप्रिलच्या मध्यात रेग्युलर सीझन आटोपतो, तेव्हा या आठवड्यातच.